तेरड्याच्या मुळाची माती

२ सप्टेंबर, मंगळवार
हजर झाले एकदाची! परळच्या बंद गिरणीमागचं तळं, त्याभोवतीचं अकरा एकर राखीव रान आणि दोन खोल्यांचं क्वार्टर, सगळं आजपासून माझ्या ताब्यात. वनस्पतिशास्त्र शिकून दहा वर्षं शिकवण्या घेतल्या, त्याचं चीज झालं. काम एका ओळीचं आहे: बाहेरची झाडं रानात कशी घुसतात ते शोधायचं आणि त्यांना थांबवायचं.

तळ्याकाठी तेरडा नुसता उसळलाय. आमच्या कोकणात तेरड्याची रोपं हीच गौर. बाबा याच गिरणीत होते आणि गौरीसाठी तेरडा इथूनच लालबागला न्यायचे. ते गेल्यापासून आई दादरच्या बाजारातून मागवते. यंदाची गौर मीच घरात आणली. आईने उंबऱ्यावर माझे पाय धुतले, दारापासून आतपर्यंत कुंकवाची पावलं काढली. आज विसर्जन. तिचे गुडघे जिना उतरू देत नाहीत, म्हणून म्हणाली, बाबांच्या तळ्यातच सोड. बाहेरचं काही आत न्यायला बंदी आहे, पण आपल्या तेरड्याला परकं कोण म्हणणार? मुळाच्या मातीसकट काठावर ठेवला, रुजला तर रुजला. रीतीप्रमाणे काठची मूठभर माती पुडीत बांधून घेतलीय, रविवारी आईच्या घरात टाकेन. पुढच्या वर्षीची गौर इथलीच, असं तिला कबूल केलंय.

७ सप्टेंबर, रविवार
लालबागला जाऊन आले. आईने माती चारी कोपऱ्यांत टाकली, उरलेली तुळशीत.

येताना फाटकाशीच एक गृहस्थ सापडले, पिशवीत परदेशी कासव घेऊन. घरात मोठं झालं, मारवत नाही, म्हणून तळ्यात सोडून पुण्य मिळवणार होते. काल तळ्यात निर्माल्य टाकणारे येऊन गेले. विक्रांत साहेबांचा (माझे वरिष्ठ) निरोप आहे की गुरुवारी वृक्षारोपण, फोटोत छान दिसतील अशी लाल फुलांची रोपं आणतोय. रोपं कुठली, तर साताठ हजार मैलांवरची. राखीव रानात! मी नाही म्हटलं तर म्हणाले, मॅडम, झाड ते झाड.

१२ सप्टेंबर, शुक्रवार
तळ्याच्या काठी रानमोडी उगवली, ते परदेशी झुडूप. नावातच सगळं आलं. पानावर त्रिशुळासारख्या तीन शिरा, चुरगाळलं की उग्र वास. आजवरच्या एकाही नोंदीत ती इथे नाही. कालच्या सोहळ्यातल्या पाहुण्यांच्या बुटांतून आली असणार. अहवालात खरमरीत लिहिलं. कासववाले, निर्माल्यवाले, फिरायला येणारे, साहेब, एकालाही सोडलं नाही. लिहून बरं वाटलं.

उपटली. मुळं बोटाएवढी जाड. एका रात्रीत?

१५ सप्टेंबर, सोमवार
भांडून फाटकाला कुलूप लावून घेतलं. आता आत फक्त मी आणि कुशाबा. ते इथले रखवालदार, पूर्वी गिरणीत बाबांच्याच खात्यात होते.

उपटलेली सगळी परत आली आहे. आणि ती ठिपक्याठिपक्यांनी उगवलीय. तळ्यापासून क्वार्टरच्या दिशेने एक ठिपका डावीकडे, एक उजवीकडे. जवळ जाऊन पाहिलं. प्रत्येक ठिपक्याला टाच आहे, पाच बोटं आहेत.

कुशाबांना दाखवलं. उकिडवे बसून त्यांनी बोटं मोजली. मग म्हणाले, "ह्यां उगवलेलां नाय गो बाय. ह्यां चलत इलेलां."
हसले मी. हसायला नको होतं.

१७ सप्टेंबर, बुधवार
पावलं पायरीशी आली. तेरडा काळा पडून आडवा झालाय, सगळा. फक्त आईची बाजारातली गौर ताठ उभी आहे.

तिच्या मुळाशी उकरलं. बाजारातल्या मातीच्या ढेकळात रानमोडीचं बी, केसाळ, शेकड्यांनी. पहिला कोंब तिथूनच फुटलाय.
मीच आणलं. कासववाल्याला फाटकावरून हाकलणारी मी. बंदी मला ठाऊक होती, तरी माझं ते आपलं वाटलं. त्या गृहस्थाला तरी कुठे वेगळं वाटत होतं? अहवाल फाडून टाकला. कारणाच्या रकान्यात आता एकच नाव लिहायचं, आणि ते लिहायला हात धजत नाही.

१९ सप्टेंबर, शुक्रवार
पाऊल मोजलं. नऊ इंच. करंगळी आत वळलेली.
माझी वळलेली आहे, जन्मापासून.

पावलं पायरीवरून मागे फिरली आहेत. फाटकाकडे —

आईच्या घरातली माती!
फोन केला. म्हटलं, कोपऱ्यातली माती झाड, तुळस टाकून दे. आई चिडली. गौरीची माती कोण झाडतं, शिकलीस म्हणून रीत विसरलीस, म्हणाली.

२० सप्टेंबर, शनिवार
कुशाबा आले नाहीत. फाटकाचं कुलूप शाबूत. पावलं बाहेर फुटपाथवर. डांबर फोडून —
लालबागच्या बाजूला.

मी जायचं नाही. माझ्याच पायांनी ते जातंय. मी इथून हलले नाही तर ते — बहुतेक —

२१ सप्टेंबर, रविवार, सकाळी
कडी लावून बसलेय. पाय धुतले नाहीत, पाणी लागू दिलं नाही. टाचांच्या भेगांत काहीतरी हिरवं —
उपटलं. रक्त आलं. वास तोच.

दुपारी
आईचा फोन. खूश होती. गॅलरीत हिरवी पावलं उमटलीत, गौर माघारी आली, तिने हळदकुंकू वाहिलं, पाणी घातलं —
ओरडले. दार लाव म्हटलं. तिला नीट ऐकू येत नाही —

पुन्हा फोन. मीच केला. ती हसत होती.
"अगो, दारात येवन फोन कित्याक करतंस? थांब, पाय धुतंय तुझे."

आई, मी इथे आहे. मी परळला —
तांब्याचा आवाज. पाणी पडलं. आई कुणाला तरी म्हणतेय, ये, आत ये, किती गो वाळलंस —
मग माझाच आवाज, तिकडून, आई म्हणून —

आई, त्याचे पाय बघ —