लॅब-मिक्स म्हणून आलेला ब्रुनो

४ जून, लोणंद
प्रसाद सांगलीहून आला, तासभर थांबला, कुत्रा ठेवून परत गेला. ब्रुनो, तीन वर्षांचा. "फ्लॅटमध्ये रंगकाम काढलंय, आई. दोनच महिने." जात विचारली तर "लॅब-मिक्स", तेही बुटाची नाडी बांधता बांधता. जेवलाही नाही. भरलं वांगं केलं होतं.

६ जून
छाती रुंद, मान आखूड, कान कापलेले. लॅब्राडोरचे कान कोण कापतं? ह्यांना विचारलं तर म्हणे, "लय गरीब जनावर हाय. तुला सगळ्यातच संशय." एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झाल्यापासून हे पहिल्यांदाच पहाटे उठून फिरायला गेले. ब्रुनो ह्यांच्या पायाशी झोपतो. माझ्याकडे मात्र नुसता बघत राहतो. की मीच बघते?

९ जून
शेजारच्या शेखभाभी रोज नातीला, आलियाला, घेऊन कढीपत्ता न्यायला येतात. आज रस्त्यावरूनच हाक. "ताई, ह्ये पिटबुल हाय का? जावई म्हनतो, त्याच्यावर बंदी हाय."
"लॅब-मिक्स आहे," म्हणाले. माझाच आवाज मला खोटा वाटला. कढीपत्ता बाहेर नेऊन दिला.

१० जून
ब्रुनोचं लसीचं पुस्तक काढलं. पहिलं पान नाही. जात आणि मालकाचं नाव तिथंच असतं. फाटलेलं नाही, ब्लेडनं नीट कापलंय. प्र.ला फोन केला. "पावसात भिजलं होतं गं." बाकीची पानं करकरीत कोरडी.

१३ जून
जनावरांच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी एकदाच बघितलं. "पिटबुलच आहे, बाई."
बंदीचं विचारलं. म्हणाले, केंद्राचं पत्र निघालं होतं, विक्री नको, पैदास नको, घरी असतील त्यांची नसबंदी करा. मग प्रकरण कोर्टात गेलं. "कायद्याचं काय व्हायचं ते होईल. कुत्रं तुमच्या दारात आहे. नसबंदी करा, लस चुकवू नका, बाहेर नेताना तोंडाला जाळी, हातात आखूड पट्टा. आधी कुणाला चावलाय?"
मी माहीत नाही म्हणाले. खरंच माहीत नाही.

१५ जून
हे परसात फोनवर बोलत होते. मी गेले तसा फोन ठेवला. प्र.चाच होता. "काय म्हणाला?" "काय न्हाई, पाऊसपाणी." तेहतीस वर्षांच्या संसारात पाऊसपाण्याचं बोलणं ह्यांनी पाठ फिरवून केलेलं आठवत नाही. दोघांना काहीतरी ठाऊक आहे आणि मलाच नाही.

१८ जून, सांगली
कुणाला न सांगता सकाळच्या गाडीनं आले. फ्लॅटला कुलूप, प्र. कामावर. भिंतीला रंगाचा वाससुद्धा नाही.
समोरच्या बाईंनी दार उघडलं. "प्रसादच्या आई ना? मग आमच्या श्रेयाला बघूनच जा."
नऊ वर्षांची पोर. उजव्या हाताला मनगटापासून कोपरापर्यंत टाके. म्हणाली, "प्रसाददादा फोनवर बोलत होता. पट्टा सोडलेला. मी घाबरून पळाले, म्हणून ब्रुनो मागं आला."
तिची आई म्हणाली, "आम्ही तक्रार केली नाही. कुत्रा प्राण्यांच्या संस्थेत दिला म्हणून शपथ घेतली त्यानं."
पोरीनं विचारलं, "तिथं त्याला नीट जेवायला देतात का?"
"देतात," मी म्हणाले.
प्र. संध्याकाळी आला. दारात मला बघून खालीच बसला. "तुला खरं सांगितलं असतं तर ठेवला असतास?"
उलट मीच विचारलं, "बाबांना माहीत आहे?"
"पहिल्या दिवसापासून."

१९ जून
घरी आले. ह्यांना सगळं सांगितलं. म्हणाले, "पोरगं रडलं गं फोनवर. मला न्हाई म्हनवलं न्हाई."
"आणि आलिया? ती रोज इथं येत होती."
उठून ब्रुनोला पाणी ठेवायला गेले. आम्ही वेगवेगळे जेवलो.

२६ जून
साताऱ्यात ब्रुनोची नसबंदी झाली. येताना गाडीत त्यानं माझ्या मांडीवर डोकं टाकलं. जड. हलवलं नाही.

२९ जून
नगरपंचायतीत परवान्याचा अर्ज. जात: पिटबुल. खाली रकाना, यापूर्वी कोणास चावा घेतला आहे काय?
हे माझ्या कानाशी, "न्हाई लिही. व्हय लिहिलंस तर उचलून नेतील त्याला."
होय लिहिलं. कुणाच्या ताब्यात असताना, तेही. प्रसादचं नाव लिहिताना अक्षर बिघडलं.
कारकुनानं दोनदा वाचलं. "साहेबांना विचारून कळवतो."
येताना शेखभाभींना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, आलियाला आत बोलावलं आणि दार लावलं. चूक नाही त्यांची.

४ जुलै
नगरपंचायतीतून निरोप नाही. प्र.चा फोन बंद. श्रेयाच्या आईला मीच फोन करून खरं सांगितलं. त्या म्हणाल्या, "श्रेयाच्या बाबांशी बोलून बघते."
पोलिसात जातील कदाचित. जावंही.
हे आता जाळी लावून, पट्टा मनगटाला गुंडाळून फिरायला नेतात. माझ्याशी बोलणं कामापुरतं. आज जाळीचा पट्टा आवळता आवळता म्हणाले, "आनि न्यायला आले तर?"
"दार मी उघडीन," मी म्हणाले.
ह्यांनी मान वर केली नाही. ब्रुनो मात्र उठून दाराकडे गेला. त्याला वाटलं, फिरायला निघालो.