वॅट किती ते सांगा!

४ मार्च, मंगळवार

पुन्हा बंद पडला! ऐन मोक्याला. पुलावर शत्रूचे दोघंच उरले होते, मी मागची बाजू धरून बसलेली, आणि स्क्रीन काळी ठिक्कर. लॅपटॉपच्या बुडाला हात लावला तर नुसता तवा. पाच मिनिटांनी सुरू झाला तेव्हा डाव आटोपला होता आणि कप्तानाचा निरोप येऊन पडला होता — "पात्रता फेरी २२ला. तीन डाव. त्या दिवशी असं झालं तर तांबंच्या जागी दुसरा घ्यावा लागेल. राग नको."

राग कसा नको? आला! वर्ष झालं, रोज दुपारी दोन ते चार दुकानाचं शटर अर्धं ओढून मी या तिघांबरोबर ऑनलाइन गेममधला पूल राखतेय. कप्तान, डबा, काडी — आणि मी, तांबं. जन्मभर पंपांच्या मोटरींत तांब्याच्या तारेचं वाइंडिंग करणारी बाई दुसरं नाव काय घेणार? त्यांचे आवाज मला ऐकू येतात, मी फक्त टाइप करते. "डावीकडे." "थांब." "गोळ्या संपल्या." मी बाई आहे, पन्नाशीला टेकलेली आहे, हे त्यांना ठाऊक नाही आणि कळू द्यायचंही नाही. कळलं की एक तर हसतील, नाहीतर सांभाळून घेतील. मला दोन्ही नको.

आणि खेळते मी चांगलं. इथे लिहायला कोणाची चोरी? माझ्या मनात येतं न येतं तोच कप्तान तिकडे वळतो, इतकं आमचं जमलंय. ही जागा मी सोडणार नाही.

नवीन लॅपटॉप. ठरलं.

५ मार्च

ह्यांना सांगितलं. हे पोस्टात काउंटरवर असतात; दिवसभर लोकांचं ऐकून घरी येताना कान मिटूनच येतात. आज उघडले. "लॅपटॉप? दुकानाला?"

"नाही. खेळायला."

चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाले, "परवा दुपारी दुकानात किल्ली न्यायला आलो होतो. आत तू एकटीच ओरडत होतीस. 'ये मेल्या, ये' असं काहीतरी. मी आल्या पावली परत गेलो." शहाणा माणूस!

लेक मात्र — "आई, गेमिंगचा? या वयात?" म्हटलं, या वयात गुडघे दुखतात बयो, बोटं नाही दुखत. पैसे माझे, त्या हॉटेलच्या नऊ पंपांच्या कामाचे. राजवाडा नाही येणार त्यात, पण झोपडीही नको. मधलं काहीतरी.

८ मार्च, शनिवार

तीन दुकानं पालथी घातली. सगळीकडे तेच. काचेसारखी चकचकीत फरशी, निळे दिवे, आणि गळ्यात टाय अडकवलेला एक जण. मोठ्या दुकानातला टायवाला विचारतो, "मुलासाठी का मॅडम?"

"माझ्यासाठी."

"अच्छा, ऑफिसचं काम?"

"गोळ्या घालायच्यात."

त्यानंतर जरा अदबीने बोलायला लागला. एक पातळ लॅपटॉप पुढे केला. पापडासारखा. मागे दिवे, झाकणाला आरसा. "यात गेमचं तेच कार्ड आहे मॅडम, जे त्या महागड्यात आहे. सेम टू सेम." शेजारी एक काळं, जाडं, बोजड धूड पडलेलं. त्यातही तेच कार्ड. किंमत जवळपास सारखी. "तो कोणी घेत नाही, दिसायला बरा नाही ना."

मी विचारलं, "या कार्डाला वॅट किती देता?"

"म्हणजे?"

"म्हणजे किती वीज पिऊ देता त्याला?"

तो बॉक्स फिरवून फिरवून बघतोय. बॉक्सवर कार्डाचं नाव ठसठशीत, वॅटचा पत्ता नाही. दुसऱ्या टायवाल्याला बोलावलं. त्याने तिसऱ्याला. तिघं मिळून बॉक्स वाचतायत! अहो, मोटरीवर पाटी कितीही मोठी लावा, आत तार बारीक भरली की ती दम टाकणारच. तीस वर्षं मी हेच उघडून बघतेय.

९ मार्च

सापडलं! कंपनीच्याच कागदात, पार तळाला, मुंगीएवढ्या अक्षरात. पापडातल्या कार्डाला साठ वॅट. धुडातल्याला एकशे पंधरा. नाव एक, जीव निम्मा!

सकाळपासून घरात सगळ्यांना सांगत सुटलेय. ह्यांनी दोनदा ऐकलं.

११ मार्च

कागदावर विश्वास ठेवायचा नाही, ही माझ्या वडिलांची शिकवण. दुकान त्यांचंच. दुरुस्त केलेली मोटर ते अर्धा तास चालवल्याशिवाय गिऱ्हाइकाच्या हातात देत नसत. गिऱ्हाईक कितीही घाईत असो.

१३ मार्च, गुरुवार

आज दिवस माझा!!

गेले, आणि टायवाल्याला म्हटलं, दोन्हीवर एकच गेम लावा, चार्जर जोडून, आणि मला स्टूल द्या. "किती वेळ मॅडम?" अर्धा तास. "एवढा वेळ कोणी बघत नाही." मी बघते. बसलेच! पिशवी मांडीवर घेऊन, दुकानाच्या मधोमध.

पहिली पाच मिनिटं पापड पुढे. टायवाला हसतोय गालात. आठव्या मिनिटाला पापडाचा पंखा किंचाळायला लागला. बाराव्याला चित्र अडखळायला लागलं — गाडी खड्ड्यातून जावी तसं. कीबोर्डवर तळवा ठेववेना. आणि धूड? संथ घुमत होतं. कान लावला. पंख्यांचा सूर एकसारखा, कुठे घासणं नाही, कुठे दम लागणं नाही. मी तळाचा पत्राही चाचपला, गार नव्हता पण चटका देणाराही नव्हता. तोवर सहा-सात माणसं जमली होती. एक म्हातारे गृहस्थ मला म्हणतात, "बाई, तुम्ही कंपनीच्या का?"

मग मालक खाली आले. त्यांनी स्वतः पापडावर हात ठेवला आणि लगेच उचलला. टायवाल्याकडे असं काही बघितलं की मलाच बिचाऱ्याची दया आली.

आता भाव. माउस, बॅग, अँटिव्हायरस, वर्षभराची कसली कसली वर्गणी — सगळं एका दोरीत बांधलेलं. म्हटलं, दोरी सोडा. बॅग माझ्याकडे आहे, माउस माझ्याकडे आहे, आणि रॅमचा दुसरा खण रिकामा आहे, त्यात पट्टी मी घरी बसवीन. मालक म्हणाले, "वॉरंटी जाईल." मी वॉरंटीचा कागद त्यांच्यापुढे उघडला, कलम सात. जात नाही! वाचलंय मी. ते हसायला लागले. "दुकानात नोकरी करता का?" म्हटलं, माझं आहे दुकान.

मनात धरलेल्या आकड्याच्या आतच बसला, तोही सीलबंद. घरी आणताना रिक्षात मांडीवर धरला, तान्हं बाळ आणावं तसा. लेक बघून म्हणाली, "केवढा जाडा गं!" मी म्हटलं, गुणाचा आहे.

१४ मार्च

रॅमची पट्टी बसवली. सात मिनिटं. लेकीने मोबाइलवर सगळं टिपून मैत्रिणींना पाठवलं. "माझी आई" असं लिहून. मला न सांगता. मी बघितलं न बघितल्यासारखं केलं, पण दिवसभर हसू येत होतं.

१७ मार्च, सोमवार

पहिला सराव. काय पळतो! दोन तास सलग, एकदाही धाप नाही. गवताचं पातं न् पातं दिसतं. पण हरलो. दोन्ही डाव. डबा उजवीकडे धावत सुटला, काडी भिंतीला थडकला, कप्तान उलट्याच दिशेला तोंड करून उभा. आंधळी कोशिंबीर नुसती!

शेवटी कप्तानाने विचारलं, "तांबं, नव्या मशीनला माइक आहे ना?"

आहे की. पहिलं काम तोच बंद केला होता. जुन्याची तर मी आत हात घालून तारच कापली होती, पहिल्याच आठवड्यात. टाइप केलं — "नाही."

"बरं," म्हणाला. आवाज पार पडलेला.

१९ मार्च

पुन्हा हरलो. मी अगदी जीव तोडून खेळले. आता मशीन बंद पडायचा प्रश्न नाही, म्हणजे खोट माझ्यातच! तिघं आपसात काहीतरी कुजबुजत होते, मी आहे म्हटल्यावर गप्प झाले. दुसरा बघितलेला दिसतोय. एवढं करून जागा जाणार असेल तर मला रडू येईल, स्पष्ट लिहिते.

२२ मार्च, शनिवार

फेरी जिंकलो!!! पण आधी हे लिहू दे.

पहिला डाव गेला. दुसऱ्याच्या आधी कप्तानाचा निरोप — "मावशी, कुठूनही एक माइक आणा. तुमच्या जुन्या लॅपटॉपवर वर्षभर चालूच होता. डावीकडे दोन, उजवीकडे एक, ये मेल्या — तेच ऐकून आम्ही खेळत होतो. सांगितलं असतं तर तुम्ही गप्प झाला असता."

म्हणजे मी कापली ती तार कॅमेऱ्याची!

कान तापले. वर्षभरात काय काय बोलले असेन, गिऱ्हाइकांना, ह्यांना, देवाला! मग बंद केलेला माइक सुरू केला, घसा खाकरला आणि म्हटलं, "डावीकडे बघा मेल्यांनो, दोन आहेत."

तिघं एकदम ओरडले, "आल्या! आल्या!"