फुगलेलं पाणी

आप्पा, तुम्हाला जाऊन सोळा वर्षं झाली आणि मी अजून बॉयलरच्याच मागे आहे. तुमच्यासारखा साखर कारखाना नाही, मस्कतबाहेरचा एक प्लांट. बॉयलरमध्ये पाणी किती सोडायचं हे ठरवणारा फझी कंट्रोलर मी बसवते. त्याला आकड्यांपेक्षा तुमच्यासारखे शब्द कळतात: पाणी जरा जास्त, झपाट्यानं वाढतंय, व्हॉल्व्ह थोडा आवळ. असे नियम मी लिहिते, मग दिवसचे दिवस जुळवत बसते.

मी दहा वर्षांची, तुमचा डबा घेऊन बॉयलर हाऊसमध्ये उभी आहे. पातळी दाखवणाऱ्या काचेतलं पाणी सरसर चढतं. मी ओरडते, "आप्पा, पाणी बंद करा!" तुम्ही माझा दंड धरून मला मागे ओढता. "गप! वाफ ओढली की पाणी फुगतं. फुगलेलं बघून बंद केलंस तर खाली कोरडं पडेल." दंडावर तुमच्या बोटांचे वळ उठले होते. तरीही माझ्या नियमांत मी वाफेची ओढ धरलीच नाही. चाचणीत सगळं सुरळीत आलं होतं ना!

गेल्या सोमवारी अचानक वाफेची मागणी वाढली. पाणी फुगलं, कंट्रोलरनं व्हॉल्व्ह आवळला. पॅनलवरचा ऑपरेटर गुहागरकडचा, मला ताई म्हणतो. "ताई, ह्ये खरं पाणी नाय!" "थांबा, आपोआप सावरेल," मी म्हटलं. फुगवटा ओसरला आणि पातळी खाली, अजून खाली. अलार्म वाजला. त्यानं मला न विचारता ऑटो काढून हातानं पाणी वाढवलं.

मॅनेजरनं त्याला विचारलं, "ऑटो क्यूँ निकाला?" ऑपरेटर माझ्याकडे बघत राहिला. मी स्क्रीनकडे बघत राहिले. त्याला मेमो मिळाला.

नियम मी गुपचूप दुरुस्त केलाय, पण कुठे काय राहिलंय या धास्तीनं जेवण जात नाही. उद्या कंट्रोलर पुन्हा ऑटोवर जाणार, पॅनलवर तोच असणार. आज कॅन्टीनमध्ये तो म्हणाला, "आता काय पण होऊं दे ताई, मी हात नाय लावायचा." मी म्हटलं, "इन्शाल्ला, काही होणार नाही."

आप्पा, चूक माझी होती, एवढं एक वाक्य मला त्याला सांगता आलं नाही. तुम्हालाही हे सांगतेय ते तुम्ही वाचणार नाही म्हणूनच.