गलबताची पाचर

बाबा, तुझं गलबत आज सकाळी कपाटावरून खाली काढलं. मी निवृत्त झाले तेव्हा शाळेनं ते मला देऊन टाकलं होतं, आता प्रदर्शनासाठी परत मागितलंय. चार वाजता न्यायला येणार आहेत. धूळ पुसताना डोलकाठीच्या बुडाशी फडकं अडकलं, मी ओढलं, तर बोटाएवढी एक पाचर बाहेर आली आणि काठी आपसूक पुढे झुकली. पडली नाही. खाचेत टेकून घट्ट उभी राहिली. तू म्हणाला होतास तशीच झुकली होती, बाबा.

आठवतं तुला? वीजकेंद्राचं बांधकाम सुरू झालं होतं, गावातली तरणी माणसं तिकडे रोजावर जात होती आणि तारापूरच्या खाडीवर नवा मचवा बांधून घ्यायला कोणी येत नव्हतं. तुझी सुतारकीची हत्यारं गंजत होती. मी पालघरच्या शाळेत नुकतीच लागलेली, आणि शाळेच्या प्रदर्शनासाठी मराठ्यांच्या आरमारातल्या गलबताची प्रतिकृती करते असं मोठ्या तोऱ्यात सांगून बसलेली. पंधरा दिवस वाचनालयात बसून एका जाडजूड पुस्तकातलं चित्र पातळ कागदावर उतरवून आणलं, तोफा मोजल्या, वल्ही मोजली. माप तू ठरवलंस, खऱ्या गलबताच्या एका हाताला आपलं एक बोट. मग विचारलंस, वल्हेकरी बसायचे कुठं, गोडं पाणी ठेवायचे कुठं. माझ्या वहीत यातलं काहीच नव्हतं, म्हणून मला राग येत होता.

तू कागद उन्हात धरलास. "बाय, ही काठी सरल कशी? आमी पुडं झुकवतो. नायतर वारा फिरला का शिडाचा वासा काठीला आडकंल, मग फिरवायचा कसा?"

"तो मचवा, बाबा. हे आरमार आहे. पुस्तकात छापलंय."

"छापनाऱ्यानं शीड फिरवलंय का कदी?" तू हसलास. तू थट्टाच करत होतास, पण मला ती झोंबली. "तुला चित्र तरी कळतं का?" असं मी बोलून गेले. चुलीपाशी आईनं मान वर केली. तू रंधा उचललास आणि म्हणालास, "तू मास्तरीन. तू म्हनशील तसं." काठी सरळ बसवलीस.

प्रदर्शनाला नौदलातून निवृत्त झालेले एक अधिकारी पाहुणे होते. ते गलबतापाशी बराच वेळ वाकून उभे राहिले. "काम सुरेख आहे, पण डोलकाठी चुकली. आपल्या किनाऱ्यावर ती पुढे झुकलेली असायची. कोणी ठरवलं हे?" मुख्याध्यापक माझ्याकडे बघत होते. तू दाराशी होतास, इस्त्रीचा सदरा घालून, टोपी हातात धरून. आणि मी म्हणाले, "सुतारानं केलंय. त्यानं आपल्याच मनानं केलं." वडिलांनी, असंसुद्धा म्हणाले नाही. तिथं तुला कोणी ओळखत नव्हतं, त्याचा मी फायदा घेतला.

परतताना एसटीत तू कौतुकानं म्हणालास, "पावना शिकलेला हाय गो. काठी बगताच समाजला." मी खिडकीबाहेर बघत राहिले. तुला माझं बोलणं ऐकू गेलं नसेल, असं स्वतःला सांगत राहिले. पाहुण्यांचं ऐकू आलं, तर लगेच त्यानंतरचं माझं कसं येणार नाही? एवढं मला तेव्हाही कळत होतं. पुढे आणखी पुस्तकं चाळली. ते चित्र इकडची गलबतं कधी न पाहिलेल्या माणसानं काढलेलं होतं. तू त्यानंतर नऊ वर्षं होतास. एकाच स्वयंपाकघरात आपण रोज जेवलो, आणि मी त्यातलं एक अक्षर तुला सांगितलं नाही.

आज ही पाचर हातात घेऊन बसल्यावर कळतंय की तू काठी सरळ केलीस ती माझ्या समाधानापुरती. कधीतरी माझी चूक मला उमगेल, तेव्हा एका ओढीत ती दुरुस्त व्हावी, अशी सोय तू करून ठेवली होतीस. त्या दिवशी दारापासून चार पावलं पुढे येऊन तूच ती ओढू शकला असतास. पण मग सगळ्यांसमोर मी खोटी पडले असते. म्हणून तू टोपी चुरगाळत उभा राहिलास. मला तुझी फार लाज वाटली होती, बाबा. आता माझीच वाटते, आणि ती काही केल्या जात नाही.

गलबताजवळ ठेवायच्या पुठ्ठ्यावर इतकी वर्षं माझंच नाव होतं. आज नवा पुठ्ठा घेतला, त्यावर तुझं नाव लिहिलं, खाली 'माझे वडील' असं लिहिलं. बरं वाटलं. मग बत्त्यानं ठोकून पाचर परत बसवली. इतकी वर्षं सरळ असलेली काठी आज वाकडी कशी, असं कोणी विचारलं तर काय सांगू? म्हणजे नाव तुझं आणि काठी माझी. चूक पुन्हा तुझ्याच माथी मारली, हे आत्ता लिहिता लिहिता लक्षात आलं.

साडेतीन वाजलेत. पाचर अजून जागेवरच आहे.