दीपकचं ताट

मंगळवार, मलकापूर

डोकं फिरलं आज. धाकटा दीपक नशेची सुई टोचून घेतो हे घरात कळलं, तं दादानं काय करावं? त्याले तपासणीले नेलं? नाही. भांड्याच्या दुकानातून स्टीलचं ताट आणलं, मशीननं वर 'दीपक' टाकून! म्हणे, एचआयव्ही असला तर आपल्या ताटांत नको. आणि हा माणूस शाळेत विज्ञान शिकवतो. थू!

मी म्हटलं, "दादा, ताटातून नाही होत तो. दुसऱ्याची सुई वापरली की होतो. मेडिकलवाला त्याले देत नाही, तं तू कोऱ्या सुया आणून दे."

"मी? लोक काय म्हणतील?"

लोक! ताटावर नाव टाकून घेताना कुठं गेले होते हे लोक?

दीपक त्याच ताटात जेवला. मग ताटावरल्या नावावरून बोट फिरवत मले म्हणाला, "ताई, आम्ही चौघं एकच सुई वापरतो. दादाले नाव टाकाचंच होतं, तं एका सुईवर टाकून आणाचं होतं."

दादा दारातच उभा होता. सगळं ऐकलं त्यानं. आणि मले म्हणाला काय, तं "ते ताट वेगळं घासजो."