रिकाम्या खुंटीचा शॉट

हॅलिफॅक्स, ३ मार्च

ति. रोडाआत्यास,
एफीचा शि. सा. न. वि. वि.

बाबांवरचा सहा मिनिटांचा लघुपट १५ मार्चला, शनिवारी कॉलेजात दाखवणार आहेत आणि बाबा पाहायला येणार आहेत. आमचे सर म्हणतात, लघुपटात जागा कमी. एक इच्छा, एक अडथळा, एक वळण, आणि प्रत्येक शॉट आधीच्या शॉटला उत्तर देणारा हवा. म्हणून बाबा शेवंडं पकडायचे सापळे दुरुस्त करतात, कॅमेरा दिसताच शेडचं दार ओढून घेतात, त्यालाच लागून मी आईचं व्हायोलिन टांगायची भिंतीवरची रिकामी खुंटी जोडली. वर्गात दाखवलं. एकजण म्हणाला, विकलं वाटतं म्हाताऱ्याने.

तेव्हापासून मला झोप नाही. तारा बदलायला दिलंय, असं बाबा म्हणाले होते. दुरुस्तीवाल्याला फोन केला, तर त्याने ते पाहिलेलंच नाही. आई जाऊन वर्षही झालं नाही. त्यांनी खरंच विकलं का? मनात हे ठेवून त्यांच्या शेजारी कशी बसू?

तुझी माया आहेच, ती आटू देऊ नकोस.
एफी

मबू, ५ मार्च

चि. एफीस अनेक आशीर्वाद.

पाद्रीबाईंनी नवे ओटकेक केले. दात शाबूत असतील त्यांनीच खावेत. बर्फ अजून हटत नाही. तुझ्या बाबाचा, हेक्टरचा खोकला बरा आहे, तुझ्या लघुपटासाठी त्याने कोट झटकून ठेवलाय. व्हायोलिनचं म्हणशील तर अशा वस्तू इकडेतिकडे जातात. तू जेवत जा, शहाणे. मांजरीला चार पिल्लं झाली, त्यातलं एक थेट तुझ्यासारखं संशयी आहे.

आठवण ठेव.
रोडाआत्या

हॅलिफॅक्स, ७ मार्च

ति. आत्यास सा. न.

ओटकेकना दोन ओळी, मांजरीला एक, आणि व्हायोलिन अर्ध्या ओळीत उरकलंस. गोष्ट सांगणारा जिथे घाई करतो तिथेच थांबून बघावं, हे मला तुझ्याच चुलीपाशी कळलं. सर नंतर भेटले. शिवाय तुला आश्चर्यही वाटलं नाही. ते कुठे आहे?

रागावू नकोस. तुझीच,
एफी

मबू, ९ मार्च

चि. एफी,

माझ्या पलंगाखाली आहे. घरी शूटिंग करणार म्हणून तू कळवलंस, त्याच्या दुसऱ्या दिवशी हेक्टर ते घेऊन आला. म्हणाला, पोरगी ते माझ्या हातात देईल, खिडकीकडे बघायला सांगेल, आणि मी सगळ्या हॅलिफॅक्ससमोर रडेन. तुला सांगू नको म्हणाला होता. मी शब्द मोडला, आता तू त्याला पेचात पाडू नकोस.

आशीर्वाद आहेतच.
रोडाआत्या

हॅलिफॅक्स, ११ मार्च

ति. बाबांस,
एफीचा शि. सा. न.

खुंटीचा शॉट मी काढून टाकला. आता तुम्ही दार ओढून घेता तिथेच लघुपट संपतो. सर म्हणाले, वळण कुठे आहे? मी म्हटलं, दाराआड आहे. त्यांना पटलं नाही, गुण कमी पडतील.

शनिवारी नक्की या, मी पुढच्याच रांगेत जागा धरते. ईस्टरला घरी येईन तेव्हा कॅमेरा आणणार नाही. खुंटीवर काही असलं तर असो; नसलं तरी विचारणार नाही.

खोकला सांभाळा, आणि माझ्यावरचा लोभ तेवढा कुठे लपवू नका.

तुमची,
एफी