सायकलच्या ट्यूबचा वायसर

बाबा,

हे तुम्हाला लिहिते आहे, आणि तुमच्यासारख्या त्या सगळ्यांना, ज्यांनी आयुष्यभर आपली वस्तू आपल्या हातानं दुरुस्त केली आणि ज्यांना म्हातारपणी सांगण्यात आलं की आता याला हात लावू नका. आपलं दुःख एकच आहे. आधी बी आपल्या कोठीतून निघून पाकिटात गेलं, मग यंत्रं डब्यात बंद झाली, आणि डब्याचं झाकण उघडायची माहिती आपल्यापर्यंत कुणी आणली नाही. हे वाक्य मी सभेत पुष्कळदा बोलले आहे, टाळ्याही घेतल्या आहेत. येत्या रविवारी मलकापुरात पुन्हा बोलायचं आहे. आसपासच्या खेड्यांतली तरुण पोरं-पोरी येणार आहेत, बॅटरीच्या गाड्या, फवारणीचे चार्जिंगचे पंप आपले आपण दुरुस्त करायला शिकणार आहेत, आणि सुरुवात माझ्या भाषणानं व्हायची आहे. ते भाषण लिहायला बसले होते. कागदावर पहिला शब्द ‘बाबा’ असा उमटला आणि मग पुढचं सगळं इकडंच वळलं.

तुमचं कारखानदारीचं ठिकाण म्हणजे आपला स्वयंपाकघराचा कोपरा. सातपुड्याकडून वारा आला की चुलीचा धूर घरात फिरायचा आणि त्या धुरात तुम्ही बसलेले, मांडीवर कुणाचा तरी स्टोव्ह, कुणाचा कंदील, कुणाची फवारणीची नळी. कथिलाचा डाग द्यायला तुम्ही सळई चुलीत घालायचात आणि आई म्हणायची, “माही भाकर भाजू द्या आंधी, मंग तुमचं लोखंड भाजा.” तुम्ही सळई फिरवत म्हणायचात, “भाकर एका येळची, कंदील चार सालाचा.” ती भाकरीचा पापुद्रा उलटत म्हणायची, “मंग आज कंदीलच खा.” मी हसते, तुम्हीही हसता, आणि भाकरी करपते. आजही करपलेल्या भाकरीच्या वासानं मला कथिल आठवतं.

गावातली शाळा संपली आणि मला रोज तीन गावं ओलांडून हायस्कुलाला जायचं झालं, तेव्हा तुम्ही जुनी सायकल घेऊन दिलीत. सायकलीसोबत एक पाना दिलात, कापडात गुंडाळून, जसं लोक मुलीला पैंजण देतात. पहिलं पंक्चर झालं ते शाळेजवळ. मी ते दुकानात काढून घेतलं आणि मिरवत घरी आले. तुम्ही विचारलंत, “कोनं काढलं?” मी दुकानदाराचं नाव सांगितलं. तुम्ही टायर उतरवलं, दुकानदाराचं ठिगळ ओरबाडून काढलं आणि ट्यूब माझ्या हातात दिलीत. “आता तू लाव.” मी रडकुंडीला आले. चांगलं लागलेलं ठिगळ होतं ते. तुम्ही म्हणालात, “दुकानदार चांगलाच हाय वं. पन तुहा हात तू त्याच्यापाशी गहान टाकून आली. हात गहान टाकू नाही पोरी.” माझ्या बोलण्याला लोक धार आहे म्हणतात. पुढं मी कपाटंच्या कपाटं पुस्तकं वाचली, मोठमोठ्या माणसांचे विचार मांडले, पण त्या सगळ्या विचारांना मी आतून एकच प्रश्न विचारत आले: यात हात गहाण पडतो की सुटतो?

मग पाकिटातलं कपाशीचं बी आलं. तुम्ही ते घेतलंत, कारण सगळ्यांनी घेतलं आणि पहिल्या वर्षांत बोंडं खरंच निरोगी आली. मी विरोधात बोलत होते, तुम्ही पेरत होता, आणि जेवताना आपली जुंपायची. “तू सभेत बोल, मी वावरात पाहतो,” असं म्हणून तुम्ही ताट पुढं ओढायचात. पण एकदा तुम्हीच सरकी हातात घेऊन दाराशी बसला होतात. त्या पाकिटाच्या पिकातली घरची सरकी पेरून पाहिली होती, तसं झाड आलं नव्हतं. “याच्या पोटात काय हाय ते आपल्याले दिसत नाही,” इतकंच बोललात. मी जिंकले असं मला वाटायला हवं होतं. तुमचा चेहरा पाहून तसं वाटलं नाही. पुढं गुलाबी अळी बोंडात शिरली, पाकिटावरचा शब्द खोटा पडला, आणि ज्या कपाशीला फवारा कमी लागणार होता तिला दर आठवड्याला फवारा लागायला लागला. दुकानदार एकात दुसरं औषध मिसळायला सांगायचा. हातानं दांडा मारायचा पंप कमी पडायला लागला, म्हणून तुम्ही पाठीवरचा चार्जिंगचा पंप आणलात. तो तुम्हाला फार आवडला. त्याची बॅटरी बसली तेव्हा तुम्ही ती स्वतः उघडून पुन्हा चालू केलीत, आणि अर्ध्या गावाला दाखवलीत.

आता माझ्याकडे बॅटरीवरची सायकल आहे बाबा. पायडल मारता येतं आणि दमलं की मोटर ओढते. सभांना मी तिच्यावरच जाते. तिची चेन, ब्रेक, आरे, मोटरच्या वायरींचे जोड, सगळं मी करते. तुमचा पाना अजून लागतो. पण या पावसाळ्यात बॅटरी अर्ध्या वाटेत मान टाकायला लागली. स्टेशनाच्या बाजूला एका भाईचं दुकान आहे. त्याचे वडील सायकलीच दुरुस्त करायचे, हा बॅटरीच्या गाड्याही करतो. त्यानं डबा हलवून कान लावला. म्हणाला, “ताई, अंदर पानी गेलं. ठेवून जा. मी पुढं धाडतो, दोन-तीन हप्ते लागतीन.”

“तुम्ही इथं नाही उघडत?”

“मले नाही जमत. खोलला न् भडकला तर दुकान जाईन.”

“मग दुकान कशाला म्हणायचं याला?”

“चेन, ब्रेक, पंक्चर आहे ना. अन् तुमचं भाषन ऐकाले बाकडं बी ठेवलं.” बाकड्यावर खरंच एक म्हातारे गृहस्थ बसले होते. ते लगेच म्हणाले, “ताईच्या भाषनानं मानसं चार्ज होतेत. डब्ब्यासमोर बोलून पाहा, तो बी होईन.” मीही हसले. पण डबा उचलला आणि म्हटलं, मी घरी उघडते. भाई हसायचा थांबला. “घरात नका खोलू. आंगनात खोला. अन् खोलूच नका, असं माहं म्हननं हाय.”

काल सकाळी अंगणात पोतं अंथरलं आणि डबा समोर घेतला. पेच निघाले. झाकण उघडताच कळलं की वायर डब्यातून जिथं बाहेर येते तिथली रबराची गोल कडी तुटली होती आणि पाणी तिथूनच शिरत होतं. मला इतका आनंद झाला. एवढंच ना? ही कडी तर कुणालाही करता येईल. मी जुनी ट्यूब आणली, उभी फाडली, सपाट केली, तिच्यावर रुपया ठेवला आणि पेननं भोवती गोल काढला. कात्री लावली. मधल्या भोकासाठी खिळा तापवायला गॅस पेटवला. रबराचा जळका वास आला आणि माझा हात तिथंच राहिला. तो हात माझा नव्हता बाबा. रुपया दाबून धरायचा तो अंगठा, खिळा पकडीत धरून तिरपा करायची ती सवय, सगळं तुमचं होतं. मी गॅस बंद केला आणि स्वयंपाकघरात खाली बसले.

त्या दिवशी तुम्हीही असंच केलंत. मी तेव्हा मलकापुरात होते. आई सांगते तेवढंच मला ठाऊक आहे, आणि ती दर वेळी त्याच शब्दांत सांगते. पंपाच्या बुडाशी, नळी जिथं टाकीला बसते, तिथला वायसर गेला होता. तुम्ही संग्रामपूरला जाऊन आलात. दुकानात सांगितलं, नुसता वायसर मिळत नाही, अख्खा जोड येतो आणि तो पुढच्या आठवड्यात येईल. अळी पुढच्या आठवड्यापर्यंत थांबणार नव्हती. तुम्ही सायकलची ट्यूब घेतलीत, वर रुपया ठेवलात, खिळा तापवलात. आपल्याकडं कुणीही हेच केलं असतं. पाण्याचा नळ असो, स्टोव्ह असो, इंजिन असो, वायसर ट्यूबचाच. पाणी भरून पाहिलंत, थेंबही गळला नाही. मग औषध भरून वावरात गेलात. दुपारी आई भाकर घेऊन आली तेव्हा ती बांधावरून ओरडली, “आयकलं का, पाठ वली दिसते तुमची.” तुम्ही मागं न वळता म्हणालात, “घाम हाय. एवढ्या तीन तासा झाल्या का येतो.” तीन तासा, म्हणजे कपाशीच्या तीन ओळी, राहिल्या होत्या. तुम्ही त्या पुऱ्या केल्यात. संध्याकाळी डोळ्यांपुढं अंधारी आली, तोंडाला फेस आला, आणि गाडीत घालून नेईपर्यंत तुम्ही आईलाही ओळखेनासे झालात. मी दवाखान्यात पोचले तेव्हा बोलायला कुणी उरलं नव्हतं.

तेरवीनंतर मी तो पंप उघडला. वायसर बाहेर आला तो बोटांना चिकटत. फुगून जाड झालेला, कडेला लिबलिबीत. पाण्यात जे रबर वर्षानुवर्षं टिकतं ते त्या औषधात एका दिवसात सुटतं. ज्या तेलात विष कालवलेलं असतं ते तेल ट्यूबचं रबर खातं. हे पंप बनवणाऱ्याला माहीत होतं, औषध बनवणाऱ्याला माहीत होतं. अख्खा पंप खोलून जोडणाऱ्या माणसाला माहीत नव्हतं, कारण ते कुठंच मोठ्या अक्षरात, त्याच्या भाषेत लिहिलेलं नव्हतं. मी तो वायसर मातीत पुरला आणि आजवर कुणाला सांगितलं नाही. तुमचा हात चुकला असं कुणी म्हणालं असतं तर मला ते सहन झालं नसतं.

कोणी म्हणेल, म्हणूनच दुकानात जावं. पण तुम्ही दुकानात गेला होतात ना. दुकानानं तुम्हाला रिकाम्या हातानं परत पाठवलं. आणि कोणी म्हणेल, म्हणूनच स्वतः शिकावं. तुमच्याइतकं कोण शिकलं होतं? या दोन्ही बाजूंनी मी तासभर बोलू शकते. बोलत आले आहे. पण दोन्हींच्या मधोमध तुम्ही उभे आहात, पाठ ओली घेऊन, आणि तिथं माझा आवाज फुटत नाही.

आज सकाळी बॅटरीचा डबा पुन्हा बंद करून भाईकडे नेला. त्यानं एकही टोमणा मारला नाही, माझ्या तोंडाकडं पाहून त्यानं नुसतं बाकड्यावरच्या म्हाताऱ्यांना सरकायला सांगितलं. मी म्हटलं, “पाठवा. पण आधी फोन लावा आणि विचारा, या जागी कुठलं रबर लागतं, आणि ट्यूबचं चालतं का, नसेल तर का नाही.” तो म्हणाला, “ते सांगत नसतेत ताई.” मी म्हटलं, “मी बसते.” त्यानं फोन लावला, पलीकडून दुसऱ्याकडं, तिथून तिसऱ्याकडं दिला गेला. शेवटी कुणीतरी म्हणालं, उद्या कळवतो. मी उद्याही जाऊन बसणार आहे. रविवारी त्या पोरांना मी पुरलेल्या वायसराची गोष्ट सांगणार आहे, तुमच्या हाताची सगळी हुशारी सांगून मग सांगणार आहे. त्यांनी आपापले डबे उघडावेत असं मला अजूनही वाटतं. पण उघडायच्या आधी त्यांनी विचारावं, उत्तर मिळेपर्यंत दारातून उठू नये, आणि उत्तर नसेल तर त्या दिवशी पंप पाठीवर घेऊ नये.

हे पत्र टाकायला पत्ता नाही, आणि असता तरी मी टाकलं नसतं, कारण यात एक गोष्ट लिहायची राहिली आहे. इतकी वर्षं मी कंपन्यांवर, दुकानांवर, सरकारांवर संतापत आले. तो संताप खरा आहे. पण त्याच्या तळाशी मी तुमच्यावर रागावलेली आहे, बाबा. ट्यूब कापली म्हणून नाही. आईनं हाक मारली तेव्हा मागं वळला नाहीत म्हणून. कपाशीच्या तीन ओळी राहिल्या असत्या तर काय झालं असतं? ती अजून बांधावर उभी आहे आणि ओरडते आहे, आणि मीही तिच्या शेजारी येऊन उभी राहिले आहे. ऐका. पंप खाली ठेवा, आणि अंगातला तो ओला सदरा काढा.